सातवी कोळंबी

शनिवारी सहालाच कॉलेज रोडवर
वहीत नाव लिहून उभं राहायचं.
पाटीवर 'यांगत्से', नाशिककरांच्या तोंडी यांगशी,
आणि काचेच्या दारात मालक लिऊशेठ,
जन्म इथलाच, द्वारकेजवळच्या दवाखान्यातला,
"बसा ताई, चारच नंबर आहेत पुढं."
बसायला एक कुंडी. तिच्यावर आधीच एक आजोबा.

लतिका गावित माझ्यासोबत. सुरगाण्याची.
अंबडला आम्ही एकाच पट्ट्यावर,
ती बटणात स्प्रिंग बसवते, मी झाकण.
आठ तास बोलायचं ते भुवयांनी.
बोनस झाला तेव्हा ती तोंडानं म्हणाली,
चल, तुझं ते समुद्राचं खाऊ.

माझं ते.
अकरा वर्षं झाली सातपाटी सोडून.
घरमालक मुळेकाका भले, पाणी चोवीस तास,
अट एकच, तीही हसत सांगितलेली.
तेव्हापासून माझ्या ओट्यावर
वांगं, मेथी, मटकी.
आईनं एकदा जवळ्याची पुडी धाडली,
ती मी कंपनीच्या लॉकरात ठेवली,
तर सुपरवायझर दोन दिवस
एकेक वायर हुंगत फिरला,
कुठंतरी जळतंय म्हणून.

नूडल्स आल्या. वन बाय टू.
आधी सोया, मग व्हिनेगर नाकात शिरलेलं,
आणि त्यांच्या खालून, उशिरा, अंग चोरत,
तो वास.
मी बोट न लावता सांगते:
बर्फ तीन दिवसांचा,
कसारा घाट रात्री चढलेला,
पाठीतली काळी शीर अर्धीच काढलेली.
आईनं ही पाटी दारातूनच परत पाठवली असती.
मी डोळे मिटून खाल्ली.

लतिकाला काड्या जमेनात.
एक तिनं अंबाड्यात खोचली,
दुसरीवर नूडल्स गुंडाळल्या, रिळावर दोरा घ्यावा तशा,
आणि म्हणाली, आम्ही रात्री टेंभे घेऊन खेकडे धरतो,
दगड उचलायचा तो आपल्याकडं नाही, पलीकडं.
आमची नार नदी तुझ्याच समुद्राला मिळते, ठाऊक आहे?
ही यांची गोदावरीच उलटी.
समुद्र एवढा हाकेवर,
आणि बाई पाठ फिरवून निघाली आंध्रात.

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.
म्हणजे तिच्या खेकड्यांच्या अंगावरून गेलेलं पाणी
कधीतरी आमच्या जाळ्यातून गाळून गेलं असेल.
मी नुसतीच मान हलवली. तोंडात घास होता.

कोळंब्या सात.
मोजल्या दोघींनीही, न सांगता,
पट्ट्यावरची सवय: शंभराचा खोका,
एक कमी निघाली तर सही कुणाची?
तीन तिच्या, तीन माझ्या,
सातवी मधोमध, कोबीच्या फाट्यावर, वाकडी.
तू खा, तुझ्या गावची आहे.
तू खा, तुझ्या नदीचं पाणी प्यायलेली आहे.
पेमा वेटर येऊन उभा, "प्लेट उचलू?"
"नाही!" दोघी एकदम,
शेजारच्या टेबलावरचा वाढदिवस क्षणभर टाळ्या विसरला.
मग लतिकानं नखानंच तिचे दोन तुकडे केले,
एक मोठा झाला, एक लहान.
मोठा कुणी खाल्ला ते सांगणार नाही.

गरम पाण्याची वाटी आली, लिंबाची फोड तरंगणारी.
ही फोड मला पाठ आहे.
दर वेळी मी बोटं चोळते, नखांच्या कडा, अंगठीखाली,
रिक्षात बडीशेप, शिवाय पर्समध्ये कापराची वडी.
आज वाटी पुढं ओढली,
आणि तशीच लतिकाकडं सरकवली.
तीही म्हणाली, राहू दे.

जिन्यात मुळेकाका, हातात बॅटरी.
"अंधार आहे, जपून. जेवण झालं?"
झालं म्हटलं,
आणि त्याच हातानं दिवा लावला.
बटण आमच्याच कंपनीचं.
झाकण माझ्या हातचं असेलही.